पडद्यावर काय लिहायचं

बाळंतपणाची रजा मी अर्ध्यातच संपवली, कारण घरी बाळ नव्हतं.

आठव्या महिन्यात पोटातली हालचाल थांबली. दवाखान्यात नेलं, मला गुंगीचं औषध दिलं आणि जाग आली तेव्हा सगळं आटोपलेलं होतं. नवरा आणि त्याच्या कंपनीतला एक सहकारी असे दोघं जाऊन जे करायचं ते करून आले होते. आई कराडहून दुसऱ्या दिवशी पोचली. तिनं जुन्या साडीचा पट्टा काढून माझ्या छातीला घट्ट बांधला. दुधाला काही कळत नव्हतं, ते येतच होतं. आई काही आठवडे राहिली, मला डिंकाचे लाडू खायला लावले, मग माझ्या भावाची परीक्षा आली म्हणून परत गेली.

आम्ही तेव्हा चेन्नईत, अण्णा नगरच्या पश्चिमेकडे दुसऱ्या मजल्यावर भाड्यानं राहत होतो. नवरा श्रीपेरुंबुदूरला मोटारींच्या कारखान्यात होता. कंपनीची बस पहाटे यायची, त्यामुळे मी उठायच्या आत तो गेलेला असायचा. संध्याकाळी आला की आम्ही जेवायचो, टीव्ही लावायचो, भाजी काय आणायची ते ठरवायचो. बाळाविषयी आमच्यात एक वाक्यही होत नव्हतं. भांडण नव्हतं, अबोला नव्हता. तेवढी एक गोष्ट सोडून आम्ही सगळं बोलत होतो.

मला वाईट वाटत होतं असं म्हणता येणार नाही. मला काहीच वाटत नव्हतं. कॉफीनं जीभ पोळली तर ते मला दुपारी जेवताना कळायचं. नुंगंबाक्कमला ऑफिससाठी उतरायचं, तो स्टॉप बसमध्ये बसल्या बसल्या माझ्या डोळ्यांसमोरून जायचा आणि मी त्याच्याकडे बघत राहायचे. पुढच्या स्टॉपवर उतरून उन्हातून चालत मागे यायचे. त्याचाही त्रास व्हायचा नाही.

मॅनेजरांनी मला हलकं काम दिलं. हा त्यांचाच शब्द. दोन हजार सहा-सातच्या सुमाराची ही गोष्ट. फारसा कोड न लिहिता वेबवरची पानं तयार करायचं एक साधन आमच्या कंपनीनं तेव्हा नुकतंच घेतलं होतं. डाव्या बाजूला डेटाबेसातली टेबलं दिसायची. त्यातलं हवं ते उचलायचं, पानावर आणून ठेवायचं. एक चौकट नावासाठी, एक नंबरासाठी, खाली शोधायचं बटण, की झालं पान. आमच्यातले जुने प्रोग्रॅमर त्याला हसायचे. मला ते बरं पडत होतं. विचार करावा लागत नव्हता.

काम अण्णा नगरच्याच एका खासगी इस्पितळाचं होतं. तळमजल्यावर चौकशीच्या खिडकीशी सतत गर्दी असायची. आपला पेशंट कुठल्या वॉर्डात आहे, कितव्या खाटेवर आहे, भेटायची वेळ काय, एवढंच लोकांना हवं असायचं आणि तेवढ्यासाठी ते ताटकळत उभे राहायचे. तिथं एक कॉम्प्युटर ठेवायचा, पेशंटचा नंबर टाकला की वॉर्ड आणि खाट दिसायला हवी, असं ठरलं होतं. इस्पितळानं आम्हाला सरावासाठी डेटाबेसची एक छोटी प्रत दिली होती. त्यात पेशंट बनावट होते. त्यांची नावं कोणीतरी कंटाळून भरलेली असावीत, कारण निम्म्या पेशंटांना एकच नाव होतं. त्या प्रतीवर माझं पान पहिल्याच आठवड्यात चालू लागलं. सगळे पेशंट आपापल्या खाटेवर होते आणि रोज तिथंच असायचे.

मग ते पान खऱ्या डेटाबेसला जोडायचं काम आलं आणि मी इस्पितळात जाऊ लागले.

इस्पितळाचा कॉम्प्युटर विभाग म्हणजे औषधांच्या दुकानामागची एक थंडगार खोली. विभागप्रमुख साठीच्या पुढचे गृहस्थ होते. रेल्वेतून निवृत्त होऊन इथं आलेले, कपाळावर बारीक गंध, पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट. पहिले दोन दिवस आम्ही इंग्रजीतच बोललो. तिसऱ्या दिवशी आईचा फोन आला आणि मी दाराशी जाऊन बोलून परत आले, तर ते माझ्याकडे वेगळ्या नजरेनं बघत होते.

"तुमचे गाव कोणते?" त्यांनी मराठीत विचारलं.

त्यांचं घराणं तंजावरचं. कितीतरी पिढ्यांपूर्वी तिकडे गेलेलं. घरात अजून मराठी बोलतात, म्हणाले, पण मुलं तमिळमध्ये उत्तर देतात. त्यांची मराठी जुन्या पोथीतल्यासारखी होती आणि हेल पूर्ण तमिळ. मधेच तमिळ शब्द यायचे आणि वाक्य भलत्याच ठिकाणी वर चढायचं. ती जशीच्या तशी मला लिहिता येणार नाही. त्या दिवसापासून मी त्यांना काका म्हणू लागले. ते मला सगळ्या बायकांना म्हणतात तसं 'अम्मा' म्हणायचे.

काका जोडणीच्या बाबतीत फार सावध होते. डेटाबेसचा पत्ता, पोर्ट, नाव आणि पासवर्ड अशा चार चौकटी मला भरायच्या होत्या. पण पासवर्ड द्यायच्या आधी त्यांनी माझ्यासाठी वेगळं खातं उघडलं. त्या खात्याला फक्त वाचायची मुभा होती.

"तुमचे पान नुसते बघणार," ते म्हणाले. "हात लावणार नाही. तिकडे नर्स लिहीत असतात, डॉक्टर लिहीत असतात. त्यांच्यामध्ये आपण जायचे नाही."

मी चार चौकटी भरल्या आणि बटण दाबलं. थोडा वेळ काही झालं नाही. मग जोडणी यशस्वी झाल्याची हिरवी ओळ आली. मी यादीचं पान उघडलं. बनावट पेशंट गेले आणि खरे आले. नावं लांबलचक होती, आद्याक्षरं पुढे लावलेली, वयं वेगवेगळी. मी पान पुन्हा ताजं केलं तर एक खाट बदललेली होती. आणखी एकदा केलं तर एक माणूस घरी गेलेला होता. तेवढ्या वेळात वर कुठंतरी कोणीतरी खाटेवरून उठून चपला घातल्या असणार, असं माझ्या मनात आलं. एरवी यात मला गंमत वाटली असती. मी काकांना म्हटलं, "चालतंय," आणि कॉम्प्युटर बंद केला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते पान चौकशीच्या खिडकीशेजारी प्रयोगासाठी सुरू केलं. मी बाजूला स्टुलावर बसले. लोक बिचकत होते, म्हणून त्यांच्या हातातली चिठ्ठी घेऊन नंबर मीच टाकत होते. पहिल्या काही जणांचं नीट झालं. वॉर्ड दिसला, खाट दिसली, ते जिन्याकडे गेले. खिडकीतली मुलगी माझ्याकडे बघून हसली.

मग पन्नाशीचे एक गृहस्थ आले. कमरेला लुंगीसारखी पांढरी वेष्टी, खांद्यावर टॉवेल, हातात स्टीलचा डबा. ते अरक्कोणमच्या बाजूच्या एका खेड्यातून आले होते, हे मला नंतर कळलं. बायको काही दिवस आयसीयूत होती. उद्या सकाळी साध्या वॉर्डात हलवू, असं आदल्या दिवशी त्यांना सांगितलं होतं. म्हणून ते रात्रीपुरते घरी जाऊन, तिच्यासाठी पातळ भात करून घेऊन आले होते आणि आता कुठल्या वॉर्डात जायचं ते विचारत होते.

मी नंबर टाकला. नाव आलं, वय आलं. वॉर्डची जागा रिकामी होती. खाटेची जागा रिकामी होती. त्याखाली स्टेटसच्या चौकटीत इंग्रजीत लिहिलेलं होतं की पेशंट मरण पावला आहे.

डेटाबेसात जे आहे ते माझं पान जसंच्या तसं दाखवत होतं. सरावाच्या प्रतीत फक्त दाखल झालेले आणि घरी गेलेले असे दोनच प्रकार होते. तिथं कोणी मरत नव्हतं.

"एन्नम्मा पोट्टिरुक्कु?" त्यांनी विचारलं. काय लिहिलंय, बाई? त्यांना इंग्रजी वाचता येत नव्हतं.

मी पडद्याकडे बघत राहिले. त्या क्षणी मला काय वाटलं असं नंतर नवऱ्यानं विचारलं होतं. खरं सांगायचं तर मला एवढंच दिसलं, की त्या शब्दाला चौकट अपुरी पडत होती आणि शेवटचं अक्षर कापलं गेलं होतं. रुंदी वाढवायला हवी, असं मी मनात म्हटलं.

मग मी उठले आणि "वांग" म्हटलं. चला. आणि वर बोट दाखवलं.

लिफ्टमध्ये ते बोलत होते. माझं तमिळ तेव्हा भाजीबाजारापुरतं होतं, त्यातलं निम्मं कळलं. तिला खिडकीजवळची खाट मिळेल का, असं काहीतरी विचारत होते. आतमध्ये तिला गुदमरल्यासारखं होतं, असं म्हणत होते. मी मान हलवली. ती मान होकाराची होती की नकाराची, ते मलाही सांगता यायचं नाही.

आयसीयूच्या दाराशी सिस्टर उभ्या होत्या. त्यांनी गृहस्थांना बघितलं आणि त्या लगेच पुढे आल्या. इस्पितळातले लोक सकाळपासून त्यांच्या गावच्या शेजाऱ्याच्या नंबरावर फोन लावत होते, लागत नव्हता. सिस्टरनी त्यांच्या दंडाला धरलं आणि हळू आवाजात काहीतरी सांगत त्यांना आत नेलं. आत जाताना त्यांनी डबा माझ्या हातात दिला. मी सिस्टरांपैकीच कोणी आहे असं त्यांना वाटलं असावं.

दार बंद झालं. आतून आवाज आला नाही. मी बाहेरच्या बाकावर डबा मांडीवर घेऊन बसले. तो अजून गरम होता. पुष्कळ वेळानं त्यांचा मेहुणा धावत आला. त्याच्याकडे मी डबा दिला आणि खाली आले.

काकांच्या खोलीत जाऊन मी सांगितलं, "पान बंद करा."

त्यांनी आधी माझ्या खात्याची जोडणी तोडली, मग खुर्ची पुढे सरकवून मला बसायला सांगितलं, आणि मग विचारलं काय झालं. मी सांगितलं. बातमी सांगतात तसं सांगितलं, क्रमानं. ते ऐकून घेत होते. त्यांच्या चेहऱ्यावर सगळं उमटत होतं आणि मी ते दुरून बघत होते.

मॅनेजरांना फोन केला तर ते म्हणाले, "एक अट घालून टाक ना. तो स्टेटस असेल तर रेकॉर्ड सापडलं नाही असं दाखवायचं. पाच मिनिटांचं काम आहे."

मी ते काकांना सांगितलं. त्यांनी नकारार्थी मान हलवली.

"सापडले नाही असे लिहायचे नाही," ते म्हणाले. "काल इथे होती, आज सापडत नाही म्हटले तर तो नवरा काय करेल? सगळे मजले शोधत फिरेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही मेट्रनच्या खोलीत बसलो. मेट्रन केरळच्या, तिथं फार वर्षं काढलेल्या. मी सुचवलं, की अशा पेशंटसाठी 'वॉर्डच्या सिस्टरना भेटा' असं लिहावं आणि मजला द्यावा. त्यांनी थोडा विचार केला.

"फक्त गेलेल्यांसाठीच हे वाक्य ठेवलं," त्या म्हणाल्या, "तर आठवड्याभरात सगळ्यांना त्याचा अर्थ कळेल. पडद्यावर हे वाक्य आलं की लोक तिथंच खाली बसतील."

मग असं ठरलं, की जो पेशंट साध्या वॉर्डातल्या खाटेवर नाही, त्या प्रत्येकासाठी हेच वाक्य येईल. आयसीयूतले, ऑपरेशनला नेलेले, बाळंतपणाच्या खोलीतले, हलवत असलेले आणि गेलेले, सगळ्यांना एकच ओळ. तमिळमध्ये आधी, इंग्रजीत खाली. म्हणजे ती ओळ वाचून माणूस काळजी करील, पण त्याला जिना चढता येईल. जे सांगायचं ते वर गेल्यावर माणूस माणसाला सांगेल. मेट्रननी तमिळ वाक्य स्वतः लिहून दिलं आणि त्यातला एक शब्द दोनदा बदलला.

दुपारी मी आणि काका त्या अटी घालायला बसलो. आता मला सरावाच्या प्रतीवर भरवसा ठेवायचा नव्हता. खऱ्या डेटाबेसात एकूण किती प्रकारचे स्टेटस आहेत ते आधी काढून घेऊ, असं मी म्हटलं. ते सगळे पडद्यावर आले. बरेच होते. मी एकेक वाचत होते, काका अर्थ सांगत होते आणि मी ठरल्याप्रमाणे खूण करत होते. दुसऱ्या इस्पितळात पाठवलेला. न सांगता निघून गेलेला. नवजात बाळांच्या नोंदी वेगळ्या होत्या. त्यांना नाव नसतं, आईच्या नावापुढे नुसतं 'हिचं बाळ' एवढं असतं. मग तीन अक्षरांचा एक संक्षेप आला.

"हे काय?" मी विचारलं.

"मूल," ते म्हणाले, "जन्मताच जीव नसलेले. किंवा आधीच गेलेले. त्याचीही नोंद करावी लागते."

मी खूण केली. पुढच्या ओळीवर गेले. आणि पुढची ओळ वाचता वाचता माझ्या तोंडून निघालं, "हो, माहीत आहे. माझं तसंच झालं. उन्हाळ्यात."

मी हे कोणालाही सांगितलं नव्हतं. ज्यांना माहीत होतं त्यांना ते आपोआप कळलेलं होतं. ऑफिसात सगळे जपून वागायचे. घरमालकीण मामी रसम पाठवायच्या आणि भांडं न्यायला यायच्या नाहीत. कराडहून फोन यायचा तेव्हा आई तब्येत विचारायची, मावशी देवाची मर्जी म्हणायची.

काकांनी चष्मा काढला आणि टेबलावर ठेवला. मला वाटलं, आता ते देवाविषयी काही म्हणतील.

"मुलगा की मुलगी?" त्यांनी विचारलं.

मला हे कोणीही विचारलं नव्हतं.

"मुलगी," मी म्हटलं.

"मुलगी," त्यांनी म्हटलं आणि मान हलवली, जशी कोणी बारशाची बातमी दिल्यावर हलवतात तशी. थोड्या वेळानं त्यांनी चष्मा घातला आणि विचारलं, "पुढचे काय आहे, वाचा."

आम्ही उरलेले सगळे वाचून काढले. मी रडले नाही. पण संध्याकाळी बसमधून जाताना मला घराजवळचा स्टॉप दिसला आणि मी उतरले.

घरी नवरा आलेला होता. त्यानं कुकर लावला होता आणि तो वर्तमानपत्र घेऊन खिडकीत बसला होता. मी पर्स ठेवली, पाय धुतले आणि त्याच्यासमोर बसले.

"इस्पितळातल्या काकांनी आज विचारलं, मुलगा की मुलगी," मी म्हटलं.

त्यानं वर्तमानपत्र खाली घेतलं. कुकरची शिट्टी झाली, ती ऐकून कोणी उठलं नाही.

"तुला तिला बघायचं होतं का?" त्यानं विचारलं. "मला डॉक्टरांनी विचारलं होतं, बायकोला दाखवायचं का म्हणून. तू झोपेत होतीस. मी नको म्हणालो. मला वाटलं, तू बघितलंस तर तुला विसरता येणार नाही."

"तू बघितलंस?"

"हो."

"कशी होती?"

पुन्हा शिट्टी झाली. तो उठून स्वयंपाकघरात गेला, गॅस बंद केला आणि परत आला. या वेळी समोर न बसता माझ्याशेजारी बसला.

"केस खूप होते," तो म्हणाला. "काळेभोर. एवढे केस असतात हे मला माहीतच नव्हतं. कान तुझ्यासारखे. मुठी मिटलेल्या होत्या. मी एक उघडून बघितली." त्यानं स्वतःचा तळहात उघडून बघितला. "नखंसुद्धा होती गं."

तो रडायला लागला. लग्नाला तीन वर्षं झाली होती, मी त्याला कधी रडताना पाहिलं नव्हतं. मला तेव्हाही रडू आलं नाही. पण मी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि तो हात मला जाणवत होता, त्याच्या शर्टाची घामानं ओलसर झालेली शिवण जाणवत होती. मी म्हटलं, "आणखी सांग."

त्यानं जेवढं आठवत होतं तेवढं सांगितलं. फार नव्हतं. तिला कुठं नेलं, तिथं कसली झाडं होती, सहकाऱ्यानं स्वतःचा धुतलेला पांढरा पंचा कसा आणून दिला. हे सगळं त्यानं एकट्यानं सांभाळून ठेवलं होतं आणि रोज पहाटेच्या बसनं कारखान्यात जात होता. सांगून झाल्यावर आम्ही जेवलो. भात थोडा जास्त शिजला होता.

चौकशीचं पान पुढच्या आठवड्यात पुन्हा सुरू झालं. खिडकीशी गर्दी थोडी कमी झाली, पूर्ण गेली नाही. पडद्यावर आलेलं खरं आहे का ते खिडकीतल्या मुलीला विचारूनच बरेच लोक वर जायचे. काम संपल्यावर काकांनी आम्हा दोघांना घरी जेवायला बोलावलं. काकूंनी सांबार केलं होतं. आमच्याकडचं आहे, तंजावरचं, असं त्यांनी दोनदा सांगितलं. त्या माझ्याशी भरभरून मराठी बोलत होत्या, आणि त्यातलं जे मलाही नीट कळत नव्हतं, ते नवरा मान हलवून कळल्यासारखं दाखवत होता. मला हसू आलं. कोणी माझ्याकडे बघत नव्हतं.

दोन वर्षांनी नवऱ्याला पुण्यात नोकरी मिळाली आणि आम्ही चेन्नई सोडली. मुलगा पुण्यात झाला. त्याला बहीण होती हे त्याला माहीत आहे. तिचे केस खूप होते, हेही.